मैत्रिणीच्या लग्नाआधी सहाजणी, मुंबईत दोन दिवस: बेत कसा आखावा?

शेवंती

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे.

माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीचं डिसेंबरात लग्न आहे आणि लग्न झालं की महिन्याभरात ती जर्मनीला जाणार. सांगलीला हॉस्टेलवर आम्ही पाचजणी चार वर्षं शेजारशेजारच्या दोन खोल्यांत राहिलो. आता मी आणि नवरी पुण्यात, एक नागपूरला, एक कोल्हापूरला, एक ठाण्याला. सहावी नवरीची धाकटी बहीण, वय २३. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी सगळ्यांनी मुंबईत भेटायचं आणि तिची बॅचलरेट करायची असं ठरवलंय. नवरीला यातलं काहीही माहीत नाही, तिला फक्त दोन दिवस मोकळे ठेवायला सांगितलंय.

माझा बेत: शनिवारी दुपारी वांद्र्याला हॉटेल, मग स्पा, संध्याकाळी गेटवेहून भाड्याची छोटी यॉट, रात्री लोअर परळला एक-दोन पब. रविवारी सकाळी घारापुरी, दुपारी मोठं ब्रंच, संध्याकाळी परत. माणशी आठ हजार, प्रवास सोडून. हे जमण्यासारखं आहे का? मुंबईत राहणाऱ्यांनी सांगा. सुरक्षिततेचंही सांगा.

साडेसातची_फास्ट

शेवंती, आधी हा बेत नकाशावर मांडून बघ. वांद्रे, मग गेटवे, मग लोअर परळ, मग पुन्हा वांद्रे, आणि सकाळी परत गेटवे. शनिवारी संध्याकाळी यातला प्रत्येक टप्पा पाऊण ते सव्वा तासाचा धर. नवरीचे दोन दिवस गाडीच्या काचेतून बाहेर बघण्यात जातील. मुंबईत एक टोक धरायचं आणि तिथेच राहायचं. तुमच्या गाड्या सीएसएमटीला येणार असतील तर फोर्ट, चर्चगेट, कुलाबा हेच टोक धरा.

लक्षात ठेवायच्या गोष्टी: रिक्षा वांद्रे-सायनच्या खाली येत नाहीत. काळ्यापिवळ्या टॅक्सीत चारच माणसं बसतात, म्हणजे तुम्हाला दर वेळी दोन टॅक्स्या लागणार. पण आता भुयारी मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत सुरू झाली आहे. सीएसएमटी, काळबादेवी, गिरगाव, चर्चगेट, हुतात्मा चौक ही सगळी स्टेशनं तिच्यावर आहेत. सहाजणी एकत्र जाऊ शकता, घाम येत नाही आणि सिग्नलला अडकत नाही.

आणि रविवार म्हणजे मेगाब्लॉक. कुठल्या मार्गावर किती वाजता, ते आदल्या एक-दोन दिवसांत जाहीर होतं. ठाण्याच्या मैत्रिणीने ते बघितल्याशिवाय रविवारची वेळ ठरवू नये.

गिरगावकर_मावशी

अगं पोरी, बेत चांगला आहे. एकच विचारते. नवरीला पबात जायला आवडतं का? तुझ्या एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये तिला काय आवडतं त्याचा एक शब्द नाही.

सह्यकडा

मनापासून विचारतो, राग मानू नका. केळवणं, मेंदी, हळद, संगीत एवढं सगळं असताना हा आणखी एक सोहळा कशाला? माझ्या बहिणीच्या लग्नात तिच्या मैत्रिणींचे चेहरे खर्चाने उतरलेले मी पाहिले आहेत. लग्नघरावर आणि मैत्रिणींवर दोन्हीकडे ओझं वाढत चाललंय असं मला वाटतं.

ऋतुगंध

सह्यकडा, मी बारा वर्षं ब्रिटनमध्ये आहे. इथे याला हेन पार्टी म्हणतात आणि तुम्ही म्हणता तीच तक्रार इथल्या मुलीही करतात. विमानाने दुसऱ्या देशात जायचं, तीन दिवसांचं हॉटेल, एकसारखे टी-शर्ट. नाही म्हणायची लाज वाटते म्हणून कर्ज काढून जाणारी मुलगी मी माझ्या ऑफिसात पाहिली आहे.

पण माझ्या शेजारणीने तिच्या लेकीसाठी केलेली हेन पार्टीही मी पाहिली. घरामागच्या अंगणात आठ मुली, प्रत्येकीने एक पदार्थ आणलेला, आणि रात्री दोनपर्यंत बोलत बसलेल्या. नाव तेच.

गिरगावकर_मावशी

सह्यकडा, तुमचं म्हणणं खोटं नाही. पण आमच्या वेळी काय होतं ते सांगते. केळवण फक्त नातेवाईकच करायचे असं नाही. माझं लग्न १९७९ सालचं. चाळीतल्या चार मैत्रिणींनी मिळून मला केळवण केलं होतं, एकीच्या आईला स्वयंपाकघरातून बाहेर काढून. पुऱ्या कच्च्या राहिल्या होत्या, श्रीखंड विकतचं होतं, आणि चौघींनी मिळून मला एक हातरुमालांचा डबा दिला. जेवण झाल्यावर आम्ही चौपाटीवर जाऊन बसलो. घरी सांगून गेलो होतो आठ वाजता येतो म्हणून, आलो साडेदहाला. वडील गॅलरीत उभे होते. काही बोलले नाहीत.

सासरी गेल्यावर मला आईची आठवण यायची ते सगळ्यांना समजत होतं. मैत्रिणींची आठवण यायची ते कुणाला सांगायची सोय नव्हती. म्हणून मला हा प्रकार परका वाटत नाही. शेवंतीने तो करावा, पण नवरीला विचारून करावा.

निळी_छत्री

मी पैशांबद्दल लिहिते, कारण याच गोष्टीवरून माझी एक मैत्री गेली. मोठं लिहिणार आहे.

चार वर्षांपूर्वी आम्ही सातजणी गोव्याला गेलो होतो, अशाच कारणाने. सगळं मी ठरवलं आणि सगळं माझ्या कार्डावर घेतलं. 'नंतर हिशोब करू' असं सगळ्याच म्हणाल्या. व्हिलाच्या मालकाने एक काचेचं टेबल तडकलं म्हणून अनामत रक्कम ठेवून घेतली. आम्ही गेलो तेव्हाच ते तडकलेलं होतं, पण फोटो काढून ठेवायचं कुणाला सुचलं नव्हतं. परत आल्यावर मी हिशोब टाकला तो माणशी चौदा हजारांवर गेला. ठरलं होतं नऊ.

पाचजणींनी दिले. एकीने नाही दिले. मी ग्रुपवर दोनदा आठवण केली, तिचं नाव न घेता, पण सगळ्यांना कळत होतंच. तिने ग्रुप सोडला. अकरा महिन्यांनी तिने पूर्ण पैसे पाठवले, सोबत एक ओळही नाही. मग दुसरीकडून कळलं की त्या वर्षी तिच्या वडिलांचं डायलिसिस सुरू होतं आणि तिचा अर्धा पगार घरी जात होता. 'तुला किती जमेल?' असा प्रश्न मी तिला कधी विचारलाच नव्हता. ग्रुपवर 'नऊ चालतील ना सगळ्यांना?' असं विचारलं होतं. सहाजणींचे अंगठे आल्यावर सातवी काय म्हणणार?

म्हणून आता आमच्यात असं करतो. प्रत्येकीला वेगळा फोन करायचा. मेसेज नाही, फोन. 'तुला सहज जमेल असा आकडा सांग' असं विचारायचं. सगळ्यांत लहान आकडा जो येईल तोच सगळ्यांचा. तो कुणाचा ते कधीही सांगायचं नाही. नवरीचा वाटा बाकीच्यांत वाटायचा की नाही तेही त्याच फोनवर विचारायचं. पैसे आधी गोळा करायचे आणि जमलेल्या पैशांत बसेल तेवढंच करायचं. 'नवरी नंबर एक' लिहिलेले पट्टे, फुगे, टी-शर्ट यांत पाच-सहा हजार सहज जातात आणि रविवारी ते हॉटेलच्या कचऱ्याच्या डब्यात असतात. ते सगळ्यात आधी कापा.

जुईची_आई

निळी_छत्री, डोळ्यांत पाणी आलं.

शेवंती, ठाण्याच्या मैत्रिणीला बाळ आहे का? वयावरून विचारते आहे. माझं बाळ सात महिन्यांचं असताना मला असं बोलावलं होतं आणि मी 'हो' म्हणून दिवसभर पॉश हॉटेलच्या वॉशरूममध्ये उभी राहून दूध पंप करत होते. कुणाला सांगायला संकोच वाटत होता.

काळा_कोट

कायद्याच्या बाजूचं थोडक्यात. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय २१ पूर्ण लागतं, बाकी दारूसाठी २५. म्हणजे नवरीची बहीण व्होडका मागवू शकत नाही आणि चांगल्या ठिकाणी ओळखपत्र बघतातच. दारात तिला अडवलं तर पाचजणींची संध्याकाळ जाईल. आधी फोन करून विचारा.

हॉटेलात प्रत्येकीचं मूळ ओळखपत्र लागेल, एकीचं दाखवून भागत नाही. सोसायटीतला फ्लॅट एका रात्रीसाठी भाड्याने घेत असाल तर मालकाला लेखी विचारा की सोसायटीची परवानगी आहे का. रात्री अकराला सेक्रेटरी दारात येऊन उभे राहिल्याचं एक प्रकरण माझ्याकडे आलेलं आहे. सहा मुली, सामानासकट रस्त्यावर.

पोलिसांचा ११२ आणि मुंबई पोलिसांची महिलांसाठीची १०३ ही हेल्पलाइन, दोन्ही फोनमध्ये ठेवा. रात्रीच्या लोकलला महिलांच्या डब्यात पोलीस असतो, पण शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहू नका.

शेवंती

दोन दिवस इथे फिरकले नाही, कारण फोन करत होते.

निळी_छत्री, तुमचं ऐकून प्रत्येकीला वेगवेगळा फोन केला. एकीची नोकरी सप्टेंबरात गेली आहे. ग्रुपवर तिने आठ हजारांना सगळ्यांत आधी अंगठा दिला होता. मला म्हणाली, 'आदल्या दिवशी ताप आलाय असं कळवणार होते.' मग आम्ही दोघी बराच वेळ फोनवर काही बोललोच नाही. आकडा आता चार हजार आहे. पाचजणींचे मिळून वीस हजार आणि त्यात नवरीही धरून सहाजणींचं सगळं. बाकीच्या तिघींना मी 'चार ठरलेत' एवढंच सांगितलं. तिघींपैकी दोघी म्हणाल्या, बरं झालं.

जुईची_आई, हो, बाळ आठ महिन्यांचं आहे. तिला विचारलं तर म्हणाली, 'मला यायचंय गं, पण रात्रभर नाही जमणार, आणि हे सगळ्यांना कसं सांगू?' आता तिचं असं ठरलंय: शनिवारी सकाळी यायचं, रात्री साडेनऊच्या आत ठाण्याची गाडी, रविवारी जमलं तर पुन्हा.

मावशी, शेवटी नवरीला फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. ती रडायलाच लागली. म्हणाली, 'गेले दोन महिने प्रत्येक जण मला काहीतरी सरप्राइज देतोय. साडी कुठली, हॉल कुठला, जेवणात काय, सगळं मला नंतर कळतं. एक तरी गोष्ट मला आधी माहीत असू दे.' मग तिने तीन गोष्टी मागितल्या. एक, रात्री मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसायचं आणि कुणी 'चला आता' म्हणायचं नाही. हॉस्टेलवर हे आम्ही शंभरदा ठरवलं होतं. दोन, हिरव्या बांगड्या, आम्ही प्रत्येकीने एकेक निवडलेली. तीन, रविवारी सकाळी गजर नाही.

पब तिला नकोच होता. यॉटही नको. पण समुद्रात एक चक्कर हवी, म्हणते. तेव्हा बेत नव्याने करायचाय. फोर्टात तीनतीन जणींच्या दोन खोल्या साडेपाच हजार एकेक अशा मिळतायत. बांगड्या कुठे घ्यायच्या? बोट कुठली? खायचं कुठे?

गिरगावकर_मावशी

आता कसं बोललीस! बांगड्या भुलेश्वरला. काळबादेवी स्टेशनवर उतरा, तिथून चालत. शनिवारी दुपारी जा, रविवारी अर्धा बाजार बंद असतो. गर्दी भयंकर असते, पर्स पोटाशी धरा. नवरीचं माप आधी माहीत असू दे. बांगडीवाल्याला सांगायचं की चुड्यात घालायच्या आहेत, तो बरोबर पक्क्या काचेच्या काढतो. आणि एक जास्तीची घ्या गं. वाढली तर हाताशी असावी.

हात मोकळा झाला की ठाकुरद्वारला विनय हेल्थ होममध्ये मिसळ खा. तिथून खोताची वाडी जवळ आहे, लाकडी जिन्यांची घरं बघा. लोक राहतात तिथे, मोठ्याने ओरडत फोटो काढू नका.

कोकम_सार

खाण्याचं मी बघते.

पुण्याहून डेक्कन क्वीनने या. ही गाडी १९३० पासून धावतेय, सकाळी सव्वासातला पुण्याहून निघते आणि साडेदहाच्या आत सीएसएमटी. तिच्या डायनिंग कारमधलं चीज टोस्ट आणि आम्लेट म्हणजे तुमच्या सोहळ्याची सुरुवात समजा. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा आजच बघ, वेटिंग लागलं असेल.

उतरल्यावर धोबीतलावला कयानी, १९०४ सालचं इराणी हॉटेल. ब्रून मस्का, चहा, मावा केक. सहाजणींचं पाचशे-सहाशेत भागेल. संध्याकाळी चर्चगेटला के. रुस्तमचं आइस्क्रीम, दोन पातळ बिस्किटांमध्ये चौकोनी तुकडा. कागदासकट हातात धरून लगेच खायचं, नाहीतर कोपरापर्यंत ओघळतं. रात्री उशिरा भूक लागली तर सीएसएमटीसमोर कॅनन पावभाजी, बंद व्हायची वेळ मात्र विचारून ठेवा.

फोर्टातली बरीच जुनी हॉटेलं ऑफिसच्या गर्दीवर चालतात, म्हणून रविवारी बंद असतात. रविवारचं जेवण हवेत ठेवू नकोस, फोन करून पक्कं कर. किंवा सरळ दादरला जा. आस्वादची मिसळ, प्रकाशचा साबुदाणा वडा आणि पीयूष. जर्मनीला जाणाऱ्या मुलीला पीयूष पाजूनच पाठवा.

साडेसातची_फास्ट

कोकम_सार, दादर नको. रविवारी मेगाब्लॉक आणि परतीची डेक्कन क्वीन सीएसएमटीहून ५.१० ला. उगीच धावपळ होईल. फोर्टातच बघा.

कोकम_सार

मेट्रोने जाता येईल की. पण बरं, नवरीला गजर नकोय, तेव्हा माघार घेते. पीयूषचं मात्र बघा.

दर्यावर्दी

घारापुरीबद्दल. लेणी अप्रतिम आहेत, १९८७ पासून जागतिक वारशात आहेत, सदाशिवाची त्रिमूर्ती आयुष्यात एकदा बघावीच. पण जायला एक तास, यायला एक तास, वर १२० पायऱ्या आणि रविवारची गर्दी. अर्धा दिवस पूर्ण जातो. गजर न लावता उठायचं आणि ५.१० ची गाडी पकडायची तर घारापुरी सोडा. कुणी हा धागा वाचून सोमवारी जायचा विचार करत असेल तर सोमवारी लेणी बंद असतात.

तुम्हाला गेटवेहूनच बंदरातली छोटी फेरी मिळेल. अर्ध्या-पाऊण तासात परत. समुद्रातून ताज आणि गेटवे एकत्र दिसतात ते दृश्य जमिनीवरून मिळत नाही. नोव्हेंबरात कुरव पक्षी आलेले असतात, बोटीच्या मागे मागे उडतात. लोक त्यांना वेफर्स टाकतात, तुम्ही टाकू नका, तळलेलं-खारवलेलं त्यांना बाधतं. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि घालून बसा. डिसेंबर २०२४ मध्ये याच पाण्यात प्रवासी बोटीला मोठा अपघात झाला, माणसं गेली. फोटोत वाईट दिसतं म्हणून जॅकेट काढणाऱ्यांना मी प्रत्येक वेळी ओरडतो.

जुईची_आई

मुंबईत बायकांसाठी स्वच्छतागृह शोधणं हे एक वेगळंच काम आहे. याच शहरात २०११ साली बायकांना त्यासाठी चळवळ सुरू करावी लागली. मरीन ड्राइव्हवर तीन-चार तास बसायचं असेल तर हॉटेल चालत जाण्याच्या अंतरावर घ्या. फोर्ट-चर्चगेटला खोली घेण्याचं माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठं कारण हेच. ठाण्याच्या मैत्रिणीलाही खोलीत जाऊन निवांत पंप करता येईल. खोलीत फ्रिज आहे का विचार. नसला तर स्वागतकक्षाला सांगून पिशवी त्यांच्या फ्रिजमध्ये ठेवता येते, मी ठेवली आहे.

सह्यकडा

हे वाचून माझं मत बदललं. आधीच्या बेताला विरोध होता, या बेताला नाही. एक सुचवतो: रविवारी सकाळी ओव्हल मैदानावर जा. एका बाजूला हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला १९३०च्या आसपासच्या आर्ट डेको इमारती, आणि मध्ये एकाच मैदानावर शेजारीशेजारी चाललेले क्रिकेटचे दहा सामने. ही दोन्ही बाजूंची वास्तुरांग २०१८ साली जागतिक वारसा झाली. फोर्टचे रस्ते रविवारी रिकामे असतात, त्या दिवशीच ते नीट दिसतात. पैसे लागत नाहीत.

शेवंती

वृत्तांत लिहायला आले आहे. कालच रात्री परतलो.

डेक्कन क्वीनने आम्ही तिघी. नागपूरवाली आणि कोल्हापूरकरीण पहाटेच्या गाड्यांनी आधीच पोचल्या होत्या आणि सीएसएमटीच्या प्लॅटफॉर्मवर आमच्या डब्याचा अंदाज घेत उभ्या होत्या. ठाणेवाली धावत आली. सहाजणी एकत्र अशा सहा वर्षांनी. तिथेच पाच-सात मिनिटं गेली, हमाल दादा आम्हाला वळसा घालून जात होते.

कयानीत दोन टेबलं जोडून दिली नाहीत म्हणून दाटीवाटीने बसलो. मग भुलेश्वर. मावशी, तुम्ही सांगितलंत तसंच सगळं. बांगडीवाले काका सत्तरीचे असतील. त्यांनी नवरीचा हात हातात घेतला, अंगठ्याखालची गादी दोनदा दाबून पाहिली आणि माप न विचारता म्हणाले, 'दोन-सहा. आणि ताई, हात सैल सोडा, तुम्ही भांडायला आल्यासारखा धरलाय.' मग आम्ही निवडायला लागलो. मला वाटलं होतं हिरवा म्हणजे हिरवा. काकांनी पोपटी, मेथीच्या पानाचा, शेवाळी, मोरपंखी असे सात-आठ हिरवे गादीवर मांडले. नागपूरवालीने वीस मिनिटं घेतली आणि शेवटी पहिलीच घेतली. धाकटीने अगदी गडद, जवळजवळ काळपट हिरवी निवडली तर काका म्हणाले, 'ही आजीची निवड आहे.' दोघी बहिणी एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांची आजी याच रंगाच्या भरायची.

पाचजणींच्या पाच आणि नवरीने स्वतःसाठी एक. सातवी जास्तीची घेतली. काकांनी तिचे पैसे घेतले नाहीत.

दुपारी खोलीत दोन तास सगळ्या नुसत्या आडव्या पडलो. ठाणेवालीला पंप करायला बाथरूममध्ये जावं लागलं नाही, तिथेच पलंगावर बसून केलं, आणि बोलता बोलता ती म्हणाली की आठ महिन्यांत तिने पहिल्यांदा गरम चहा संपवला. तिच्या पिशव्या खालच्या फ्रिजमध्ये ठेवून दिल्या, जुईची_आईंचे आभार. संध्याकाळी रुस्तमचं आइस्क्रीम, आणि सव्वानऊच्या सुमाराला आम्ही सगळ्या तिला सीएसएमटीला सोडायला गेलो.

मग मरीन ड्राइव्ह. कोल्हापूरकरणीने सांगलीहून मुद्दाम भडंग मागवून आणलं होतं, स्टीलचा मोठा डबा भरून. हॉस्टेलवर परीक्षेच्या रात्री आमचं जेवण म्हणजे तेच. चणेवाल्याकडून कांदा-लिंबू मागून घेतलं आणि कट्ट्यावर डबा मध्ये ठेवून बसलो. भरती होती, खालच्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर पाणी फुटत होतं आणि तोंडावर बारीक खारं तुषार येत होतं. साडेअकराच्या सुमाराला जिची नोकरी गेली होती तिने आपणहून सगळ्यांना सांगितलं. कुणी सल्ला दिला नाही. नागपूरवालीने फक्त डबा तिच्याकडे सरकवला. थोड्या वेळाने म्हणाली, 'तुझा बायोडेटा मला पाठव, आमच्याकडे जानेवारीत भरती आहे.'

नवरी जर्मनीबद्दल बोलली. तिला भीती वाटतेय, हे तिने घरी कुणालाच सांगितलेलं नाही, कारण सगळे खूश आहेत. भाषा येत नाही, नोकरी सोडावी लागली, आणि तो चांगला आहे पण तिथे ती त्याच्याशिवाय कुणालाच ओळखत नाही. आम्ही ऐकत होतो. बऱ्याच उशिरा गस्तीवरच्या पोलीस ताई आल्या, 'कुठे राहता?' विचारलं. हॉटेलचं नाव सांगितलं तर 'लग्न कुणाचं?' म्हणाल्या. बांगड्या बघितल्या असणार. 'उठा आता, दव पडायला लागलंय' एवढंच बोलल्या आणि आम्ही रस्ता ओलांडेपर्यंत थांबल्या.

रविवारी उठलो साडेनऊला. ओव्हलवर चक्कर मारली, सह्यकडा, सामने खरंच मोजले, अकरा होते. दुपारी बंदरातली फेरी, सगळ्यांनी जॅकेट घालून. कुरव खूप होते. पीयूष राहिलं. जेवण सोडून फारसा खर्च झाला नाही, वीस हजारांतले अठराशे उरले. ते कुणाला परत द्यायचे यावर गाडीत चर्चा झाली आणि ठाणेवालीच्या बाळाला झबलं घ्यायचं ठरलं.

निळी_छत्री

वाचून खूप बरं वाटलं. मी आज त्या मैत्रिणीला फोन लावला. तिने उचलला.

गिरगावकर_मावशी

निळी, छान केलंस.

शेवंती, लग्नात चुडा भरताना त्या सहा बांगड्या कासाराला आधी दाखवा, नाहीतर तो आपल्याच भरून मोकळा होईल. डाव्या हातात घ्या, उजवा कामाचा, उजव्या हातातल्या लवकर वाढतात. सातवी कुणाकडे आहे?

शेवंती

मावशी, कासाराचं नवरीच्या आईला कळवलं.

सातवी नवरीकडेच आहे. जर्मनीला न्यायच्या बॅगेत तिने लोकरीच्या मोज्यात घालून, तो मोजा दुसऱ्या मोज्यात घालून ठेवलीय. काल मला फोटो पाठवला. बॅगेत अजून दुसरं काहीच भरलेलं नाही.